मायांची बाराखडी

माझ्या लिहिण्याच्या मेजावर डाव्या हाताला एक जुनें इंग्रजी पुस्तक नेहमीं असतें. त्याला खाकी कागदाचें वेष्टन आहे. आजवर तें तीन वेळां बदललें. १९८९ सालीं, एम्. ए. च्या वर्गांत असतांना, मुंबईस फोर्टांतील पदपथावर मीं तें बारा रुपयांस घेतलें. वास्तविक त्या दिवशीं मी शेक्सपिअरवरील एक टीकाग्रंथ शोधावयास निघालों होतों. पावसाची सर आली, विक्रेत्यानें घाईघाईनें आपल्या मालावर मेणकापड ओढलें, आणि त्याच्या कडेला हें एक पुस्तक अर्धें बाहेर राहून भिजूं लागलें. मीं उचललें तें केवळ त्याला वांचविण्याच्या हेतूनें. पाऊस थांबेपर्यंत एका कमानीखालीं उभा राहून त्याचीं वीस पानें वाचलीं, आणि शेक्सपिअर त्या दिवसापुरता राहून गेला.

पुस्तकाचे कर्ते एरिक टॉम्सन. विषय, मध्य अमेरिकेंतील माया लोकांच्या संस्कृतीचा उदय आणि अस्त. या एका पुस्तकानें मला जन्माचें एक गोड व्यसन लावलें आणि माझ्या हातून एक अपराधहि घडविला. व्यसनाविषयीं मी आजवर सभांतून पुष्कळ बोललों आहें. अपराधाविषयीं कोणापाशींहि बोललों नाहीं. तो सांगावयाचा तर व्यसनापासूनच आरंभ केला पाहिजे.

माया लोकांचीं जुनीं शहरें आजच्या ग्वातेमाला, बेलीझ, होंडुरास आणि दक्षिण मेक्सिको या प्रदेशांत पसरलेलीं आहेत. त्यांचा ऐन भराचा काळ साधारणपणें इ. स. २५० ते ९०० हा. एवढ्या अवधींत आपल्याकडे अजिंठ्याचीं वाकाटककालीन लेणीं आणि वेरूळचें कैलास हीं दोन्ही झालीं. मायांजवळ लोखंड नव्हतें, गाड्याला चाक नव्हतें, ओझें ओढावयास बैल नव्हता; आणि तरीहि तिकाल येथील सर्वांत उंच देऊळ दोनशें फुटांहून उंच आहे. नवव्या शतकांत दक्षिणेकडील हीं शहरें एकामागून एक ओस पडत गेलीं, आणि अरण्यानें तीं पोटांत घातलीं.

१८३९ सालीं जॉन स्टीफन्स हा अमेरिकन वकील आणि फ्रेडरिक कॅदरवुड हा इंग्रज चित्रकार असे दोघे खेचरांवरून कोपान येथें पोंचले. स्टीफन्सनें तें उजाड शहर जागच्या जागीं पन्नास डॉलरांस विकत घेतलें! कॅदरवुड घोट्यापर्यंत चिखलांत उभा राहून, डांसांच्या भयानें हातमोजे चढवून, तेथील पाषाणस्तंभांचीं चित्रें काढूं लागला. प्रथम त्याचे कागदामागून कागद फुकट गेले. युरोपांत तयार झालेल्या त्याच्या हाताला त्या कोरीव कामाचें वळणच सांपडेना. प्रत्येक स्तंभावर एक भव्य मानवी आकृति, आणि तिच्या बाजूंस व पाठीवर चौकोनी ठशांच्या ओळी. ह्या ओळी म्हणजे लेखन होय हें दोघांनींहि तेव्हांच ओळखलें. हे लोक आपला इतिहास या दगडांवर कोरून गेले असले पाहिजेत, असा साधा तर्क स्टीफन्सनें १८४१ च्या आपल्या प्रवासवर्णनांत लिहून ठेवला. तो वकील होता, पंडित नव्हता. पंडितांनीं पुढें बराच काळ त्याचा तर्क चुकीचा मानला.

असें कां व्हावें याचें कारण मोठें गमतीचें आहे. त्या लेखांतील अंक आधीं वाचतां आले. ड्रेस्डेन येथील ग्रंथालयाचे प्रमुख फर्स्टेमान यांनीं, आपल्या ग्रंथालयांतील एका माया पोथीवर १८८० पासून पुढें वर्षानुवर्षें बसून, त्या लोकांची कालगणना उलगडली. एक म्हणजे टिंब, पांच म्हणजे आडवी रेघ, शून्य म्हणजे शिंपला. २६० दिवसांचें एक चक्र आणि ३६५ दिवसांचें दुसरें; दोन्ही पुन्हां एकत्र येण्यास ५२ वर्षें लागतात. शुक्राचे उदयास्त तर त्यांनीं आपल्या जुन्या पंचांगकर्त्यांच्या चिकाटीनें मांडलेले. त्यांच्या दीर्घ गणनेचा आरंभ इ. स. पूर्वीं ३११४ मध्यें, म्हणजे आपल्या कलियुगाच्या आरंभाच्या अवघीं बारा वर्षें आधीं येतो. हा निव्वळ योगायोग आहे. माझे एक स्नेही त्यावरून पुष्पक विमान मेक्सिकोंत उतरवूं पाहतात. त्यांना मी दुरूनच नमस्कार करतों.

अंक वाचतां आले आणि बाकीचें वाचतां येईना, तेव्हां बाकीचेंहि अंकांविषयींच असणार असें विद्वानांच्या मनानें घेतलें. टॉम्सन हे या मताचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते. त्यांच्या मतें माया शहरें हीं खऱ्या अर्थानें शहरें नव्हतींच. तीं पूजास्थानें होतीं. तेथें थोडे पुरोहित राहत, ग्रहतारे पाहत, आणि सणावारीं रानांतून शेतकरी येऊन जमत. स्तंभांवरील आकृति देवांच्या किंवा पुरोहितांच्या. लेख केवळ कालपुरुषाच्या स्तुतीचे. राजाचें नांव नाहीं, लढाईचा जयघोष नाहीं. सारें जग शिलालेखांवर बढाया मारीत असतां या एका समाजानें दगडावर फक्त काळाचीं पावलें मोजलीं! आणि हें सर्व टॉम्सन इतक्या रसाळ इंग्रजींत सांगतात कीं एकविसाव्या वर्षीं तें मला पटलें नसतें तरच नवल.

मी प्राध्यापक झालों तो इंग्रजीचा. परंतु आमच्या महाविद्यालयांत एक अभ्यासमंडळ होतें, आणि दर पावसाळ्यांत त्यांत माझें मायांवरील व्याख्यान ठरलेलें असे. मुलें मला पाठीमागें ‘मायावी सर’ म्हणत. तें मला ठाऊक होतें आणि आवडतहि होतें. व्याख्यानाच्या मध्यावर, श्रोते जरा पेंगूं लागले म्हणजे, मी दिएगो दे लांदा याची गोष्ट काढीत असें.

लांदा हा युकातानमध्यें आलेला फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक. १५६२ च्या जुलैमध्यें मानी या गांवीं त्यानें मायांच्या देवमूर्ति फोडविल्या आणि त्यांच्या पोथ्यांची होळी केली. पोथ्या सत्तावीस होत्या असें सांगतात. त्या जळतांना लोकांना अतिशय दुःख झालें, हेंहि त्यानें स्वतःच नमूद केलें आहे. आज साऱ्या जगांत माया पोथ्या उरल्या आहेत चार. लोकांचा छळ केल्याच्या आरोपास उत्तर देण्यासाठीं लांदाला स्पेनला परत जावें लागलें, आणि तेथें १५६६ च्या सुमारास त्यानें युकातानची साद्यंत हकीकत लिहिली. (पुढें तो त्याच प्रांताचा बिशप होऊन परत आला, इतिहासाला न्यायाची घाई नसते.) त्या हकीकतींत त्यानें मायांची ‘ए, बी, सी’ दिली आहे. त्यानें एका लिहित्या माया गृहस्थाला समोर बसविलें, स्पॅनिश अक्षरांचीं नांवें एकेक करून उच्चारलीं, आणि तो जें चिन्ह काढी तें उतरून घेतलें. ‘बे’ म्हटल्याबरोबर त्यानें एका वाटेवर उमटलेलें पाऊल काढलें, कारण त्याच्या भाषेंत ‘बे’ म्हणजे वाट. शेवटीं लांदानें त्याला एखादें वाक्य लिहावयास सांगितलें. त्या बिचाऱ्यानें लिहिलें: ‘मा इन काती’, म्हणजे ‘मला नको’!

येथें सभागृहांत हमखास हंशा पिकत असे. मी फळ्यावर लांदाचीं तीं चिन्हें काढीत असें, आणि टॉम्सन यांच्या आधारानें सांगत असें कीं ही सगळी वर्णमाला म्हणजे एक गैरसमज आहे. मायांची लिपि ध्वनींची नव्हेच, ती कल्पनांची आहे.

१९९७ च्या पावसाळ्यांत, याच ठिकाणीं, मागच्या बांकावरचा एक विद्यार्थी उठून उभा राहिला. तो माणदेशांतून आलेला होता. मराठी शाळेंतून शिकलेला. इंग्रजींत प्रश्न विचारतांना त्याच्या कपाळावर घाम येई, म्हणून त्यानें मराठींत विचारलें. मीं फळ्यावर दोन चिन्हांखालीं ‘का’ आणि ‘कू’ असें लिहिलें होतें, कारण लांदाच्या यादींत तसेंच आहे. मुलगा म्हणाला, “सर, ए बी सी मध्यें ‘का’ आणि ‘कू’ अशीं वेगळीं अक्षरें नसतात. हीं तर आपल्या बाराखडीसारखीं दिसतात. त्या माणसानें बाराखडी सांगितली असेल, आणि लिहून घेणाऱ्याला ती कळली नसेल.”

मीं काय उत्तर दिलें तें मला शब्दशः आठवतें, आणि आठवूं नये असें फार वेळां वाटलें आहे. मी म्हणालों, “अरे, तुझ्या शाळेच्या फळ्यावरची बाराखडी कोलंबसाच्या आधीं अमेरिकेला पोंचली होती, हें टॉम्सनसाहेबांना कोणी कळविलें नाहीं वाटतें!” सभागृह हंसलें. लांदावर हंसलें होतें त्याहून मोठ्यानें हंसलें. मुलगाहि कसनुसा हंसला आणि खालीं बसला. पुढच्या व्याख्यानांना तो दिसला नाहीं.

सात वर्षांनीं, २००४ मध्यें, एका ग्रंथालयाच्या नव्या खरेदींत मायकेल को यांचें एक पुस्तक माझ्या हातीं आलें. माया लिपीच्या उलगड्याची ती हकीकत १९९२ सालींच प्रसिद्ध झाली होती. आमच्या गांवापर्यंत यावयास तिला बारा वर्षें लागलीं. रात्रीं जेवण आटोपून वाचावयास बसलों. पुस्तक संपलें तेव्हां दूधवाला दारांत उभा होता.

त्यांत लिहिलें होतें तें थोडक्यांत असें. १९५२ सालीं, म्हणजे टॉम्सन यांची कीर्ति शिगेला पोंचलेली असतांना, लेनिनग्राडमधील तीस वर्षांच्या यूरी क्नोरोझोव्ह नांवाच्या संशोधकानें एक निबंध प्रसिद्ध केला. त्यानें माया भूमि डोळ्यांनीं पाहिलेली नव्हती, आणि १९९० पर्यंत ती त्याला पाहावयास मिळालीहि नाहीं. (त्याचें जें छायाचित्र सर्वत्र छापलें जातें त्यांत त्याच्या कुशींत एक सयामी मांजर आहे, दोघांच्याहि चेहऱ्यावर तोच अविश्वास आहे.) त्याचें म्हणणें असें कीं लांदाची यादी खोटी नाहीं, फक्त ती वर्णमाला नाहीं. प्रत्येक चिन्ह म्हणजे व्यंजन आणि स्वर मिळून झालेलें एक अक्षर होय. एका पोथींत टर्की पक्ष्याच्या चित्रावर दोन चिन्हें आहेत. पहिलें लांदाच्या यादींतील ‘कु’. टर्कीला माया भाषेंत ‘कुत्स’ म्हणतात. तेव्हां दुसरें चिन्ह ‘त्सु’ असावें. आतां कुत्र्याच्या चित्रावर पाहिलें तर तेंच ‘त्सु’ आधीं, आणि पुढें लांदाच्या यादींतील ‘लु’: त्सु-लु. आणि ‘त्सुल’ हा कुत्र्यासाठीं माया शब्द जुन्या कोशांत होताच! तिसरें एक ठिकाण असें कीं जेथें हिशेबानें अकरा ही संख्या यावयास हवी. तेथें तीन चिन्हें, पैकीं पहिलें झिजलेलें, पुढचीं दोन ‘लु’ आणि ‘कु’. माया भाषेंत अकरा म्हणजे ‘बुलुक’.

शेवटच्या अक्षरांतील स्वर लिहावयाचा, पण उच्चारावयाचा नाहीं. पाश्चात्य पंडितांना ही गोष्ट मोठी संशयास्पद वाटली. मला ती वाटावयास नको होती. आपण पाटीवर ‘देव’ लिहितों आणि तोंडानें ‘देव्’ म्हणतों. शेवटच्या ‘व’ मधील अकार कोठें गेला असें मराठी मुलगा विचारीत नाहीं, आणि मास्तर सांगत नाहींत. सहाव्या वर्षीं जें मीं गिरविलें, तें फोर्टांतल्या पदपथावरच्या वीस पानांनीं पुसून टाकलें होतें. मागच्या बांकावरच्या मुलाचें पुसलें गेलें नव्हतें, इतकाच काय तो आम्हां दोघांत फरक.

टॉम्सन यांनीं क्नोरोझोव्हला १९५३ मध्येंच झोडपून काढलें. रशियन संपादकानें निबंधाला मार्क्स-लेनिनच्या पद्धतीचा जयजयकार करणारी प्रस्तावना जोडली होती. तिचा टॉम्सन यांना आयताच उपयोग झाला. त्यांचा दरारा एवढा होता कीं पुढें वीसएक वर्षें क्नोरोझोव्हच्या बाजूनें बोलणारे पश्चिमेंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. पण टॉम्सन यांना खलपुरुष ठरवून मोकळें होणें मला जमत नाहीं. माया चिन्हांची १९६२ ची त्यांची जंत्री आजहि प्रत्येक अभ्यासकाच्या हाताशीं असते, आणि ज्या क्रमांकांनीं तीं चिन्हें ओळखलीं जातात ते क्रमांक त्यांचे आहेत.

आणि एके बाबतींत त्यांचें वर्तन असें आहे कीं तें वाचतांना मला माझीच लाज वाटली. तात्याना प्रोस्कुरियाकॉफ ही रशियांत जन्मलेली, अमेरिकेंत वास्तुशास्त्र शिकलेली बाई. १९३६ मध्यें ती पिएद्रास नेग्रास येथील उत्खननावर नकाशे आणि चित्रें काढावयास गेली. भग्न शहर मूळचें कसें दिसत असेल याचीं तिनें काढलेलीं चित्रें अद्यापि अप्रतिम मानलीं जातात. दगडांकडे अशीं वीसएक वर्षें पाहतां पाहतां तिच्या ध्यानांत आलें कीं स्तंभ गटागटानें उभे आहेत, आणि कोणत्याहि एका गटांतील तारखा माणसाच्या आयुष्याहून लांब जात नाहींत. प्रत्येक गटाच्या आरंभीं उंच कोनाड्यांत बसलेली एक आकृति. एका तारखेबरोबर नेहमीं वर तोंड केलेल्या बेडकासारखें चिन्ह येतें. नंतरच्या एका तारखेबरोबर जबडा बांधलेल्या डोक्याचें, ज्याला अभ्यासक थट्टेनें ‘दांतदुखी’ म्हणत. बेडूक म्हणजे जन्म. दांतदुखी म्हणजे राज्यारोहण! आणि झगे घातलेले पुरोहित म्हणून ज्यांची ओळख करून दिली जात होती, त्यांतल्या कित्येक तर राण्या होत्या. स्तंभांवर देव नव्हते, काळ नव्हता. आईबाप, लेंकरें, गादी आणि मरण होतें. तो वकील स्टीफन्स खरा ठरला.

तिनें हा निबंध छापावयास देण्यापूर्वीं टॉम्सन यांना दिला. प्रथम ते म्हणाले कीं हें बरोबर असणें शक्य नाहीं. रात्रीं त्यांनीं तो वाचला, आणि दुसऱ्या दिवशीं तिला सांगितलें कीं तुमचें बरोबर आहे. निबंध १९६० मध्यें छापला गेला. १९७१ मध्यें आपल्या थोर ग्रंथाच्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत टॉम्सन यांनीं, स्तंभांवर इतिहास नाहीं हें आपलें मत साफ चुकीचें होतें असें लिहिलें. क्नोरोझोव्हचें मात्र त्यांनीं १९७५ सालीं मरेपर्यंत मानलें नाहीं. एक चूक त्यांना एका रात्रींत दिसली, दुसरी बावीस वर्षांत दिसली नाहीं. पहिली सांगणारी त्यांच्या ओळखीची, त्यांच्याच संस्थेंत काम केलेली होती. दुसरी सांगणारा परका, परक्या राज्यांतला, परक्या भाषेंत लिहिणारा होता. याहून अधिक मला ठाऊक नाहीं. पण मागच्या बांकावरच्या त्या मुलानें तोच प्रश्न चांगल्या इंग्रजींत विचारला असता तर मी हंसलों असतों काय, हें मात्र मीं मनाला अनेकदां विचारलें आहे.

मग मीं काय केलें? २००४ च्या पावसाळ्यांत व्याख्यान दुरुस्त केलें. टॉम्सन बाजूस ठेवले, क्नोरोझोव्ह घेतला, प्रोस्कुरियाकॉफ घेतली, रक्ताळलेल्या बोटांच्या कैद्यांचीं बोनाम्पाकचीं भित्तिचित्रें घेतलीं. आपलें आधींचें सांगणें चुकलें होतें, हें सांगितलें नाहीं. श्रोते दरवर्षीं नवे असतात; प्राध्यापकाच्या धंद्यांतील ही मोठी सोय आहे. लांदाच्या यादीपाशीं आलों तेव्हां क्षणभर थांबलों, खडू हातांत फिरविला, आणि म्हणालों, “मंडळी, ही ए बी सी नव्हे. ही बाराखडी आहे.” टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानंतर दर वर्षीं त्या वाक्याला टाळ्या पडत गेल्या. वाक्य कोणाचें होतें तें त्या सभागृहांत एकट्या मला ठाऊक होतें.

२०१९ मध्यें मुलीनें आम्हां उभयतांना मेक्सिकोस नेलें, आणि पालेंके येथें दोन दिवस राहिलों. सकाळीं डोंगराच्या उतारावर धुकें असतें, आणि त्यांतून ओरडणाऱ्या माकडांची गर्जना येते. कुटुंबाला ती वाघाची वाटली. लेखमंदिर या नांवानें प्रसिद्ध असलेल्या देवळाखालीं एका राजाची समाधि आहे. आल्बेर्तो रूझ यांना तेथल्या फरशींत बुचें मारलेलीं भोंकें दिसलीं. फरशी उचलल्यावर दगडमातीनें गच्च भरलेला जिना लागला. तो मोकळा करावयास चार हंगाम गेले, आणि १९५२ च्या जूनमध्यें ते समाधीच्या दालनांत पोंचले. वर्ष तेंच: इकडे पालेंकेचें दालन उघडलें, तिकडे लेनिनग्राडचा निबंध निघाला, दोघांचा एकमेकांशीं संबंध आहे हें कोणालाच कळलें नाहीं. तें कळलें १९७३ च्या डिसेंबरांत, त्याच गांवीं भरलेल्या एका छोट्या परिषदेंत. लिंडा शील ही चित्रकलेची शिक्षिका, पीटर मॅथ्यूज हा कॉलेजचा विद्यार्थी आणि फ्लॉइड लाउन्सबरी हे वयस्क भाषाशास्त्रज्ञ, अशा तिघांनीं एका दुपारीं बसून पालेंकेच्या राजांची यादी लावली. समाधींतील राजाचें नांव त्यांनीं वाचलें: पकल, म्हणजे ढाल. जन्म ६०३, बाराव्या वर्षीं राज्यारोहण, मृत्यु ६८३. हाडें पाहणाऱ्यांना तो माणूस चाळिशीचा वाटला होता. लेख म्हणतो ऐंशीचा. रूझ यांनीं लेखाचें म्हणणें अखेरपर्यंत स्वीकारलें नाहीं. पुढील तपासणीनें मात्र लेखाचीच बाजू उचलून धरली. आज रूझ यांची समाधि त्याच देवळासमोर आहे. दोघे समोरासमोर आहेत; वाद त्यांचा त्यांनीं मिटवावा.

तेथील संग्रहालयांत त्या शवपेटीची हुबेहूब प्रतिकृति आहे. शेजारच्या तक्त्यावर राजाच्या नांवाचीं दोन लेखनें होतीं. एकांत नुसतें ढालीचें चित्र. दुसऱ्यांत तीन चिन्हें, आणि त्यांखालीं त्यांचे उच्चार. प, क, ल. शेवटच्या ‘ल’ मधला अकार लिहावयाचा, म्हणावयाचा नाहीं. मी तेथें इतका वेळ उभा राहिलों कीं मुलगी परत शोधावयास आली. “बाबा, काय झालें?” मीं सांगितलें, कांहीं नाहीं, वाचतों आहें. आणि खरोखर मी वाचीत होतों. तेराशें वर्षांपूर्वींच्या एका कोरक्याचें लेखन मी पहिलीच्या मुलासारखा, अक्षराला अक्षर लावून वाचीत होतों, आणि मला तें कोणी शिकविलें होतें त्याचें नांव मुलीला सांगण्याचें धैर्य माझ्यांत नव्हतें.

तें धैर्य यावयास आणखी कांहीं वर्षें गेलीं. यंदा त्याच्या बरोबरच्या एका विद्यार्थ्याकडून त्याचा पत्ता मिळाला. आपल्याच तालुक्यांत तो जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेंत शिक्षक आहे. दूरध्वनीचा क्रमांकहि मिळाला होता. परंतु जें मला सांगावयाचें होतें तें दूरध्वनीवर सांगतां येईना, म्हणून चार पानें पत्र लिहिलें. सारी हकीकत लिहिली, टाळ्यांचीहि लिहिली. टॉम्सन यांचें पुस्तक तेव्हां समोर होतें; तें उचलून दुसऱ्या खोलींत ठेवावें असें एकदां मनांत आलें, पण ठेवलें नाहीं.

पंधरा दिवसांनीं उत्तर आलें, शाळेच्या वहीच्या रेघांच्या कागदावर, सुरेख वळणदार अक्षरांत. त्यांत असें होतें कीं तो प्रसंग त्याला आठवतो. परंतु मंडळांत येणें थांबलें तें त्यामुळें नव्हे. त्या महिन्यांत घरून पैसे येणें बंद झालें, आणि संध्याकाळीं एका छापखान्यांत काम धरावें लागलें. हें खरें कीं गुरूची लाज झांकण्यासाठीं लिहिलें, हें मीं पत्र चार वेळां वाचूनहि मला ठरवितां आलेलें नाहीं. पुढें त्यानें लिहिलें होतें कीं पहिलीचा वर्ग बहुतेक त्याच्याकडेच असतो, आणि मुलांना सगळीं अक्षरें येतात पण ‘ळ’ काढतांना गांठ उलटी बसते. आणि शेवटीं एक प्रश्न: “सर, त्या लोकांच्या बाराखडींत ‘ळ’ होता का?”

यावेळीं मीं पुस्तकें काढून नीट पाहिलें, आणि मगच उत्तर लिहिलें. ‘ळ’ नव्हता. जुन्या लेखांच्या भाषेंत ‘र’ हि नव्हता. पण ‘क’ दोन होते; एक आपला साधा, आणि दुसरा घसा आवळून एकदम सोडावयाचा. लांदाच्या कानाला तो दुसरा इतका वेगळा लागला कीं त्यानें त्याच्यासाठीं निराळें अक्षर योजलें. तो कसा म्हणावा हें मीं तीन निरनिराळ्या रीतींनीं लिहून पाहिलें, आणि तिन्ही खोडलें. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडेल तेव्हां मी तिकडे जाणार आहें; पहिलीच्या मुलांना तो म्हणून दाखवावयाचा म्हणून सध्यां घरांत मोठ्यानें सराव चालू आहे.